आडव्या सायकलीचं हँडल छातीवरून हटलं

मागच्या वेळी सांगितलं होतं, पाठीवर रेलून, पाय पुढे करून चालवायच्या या सायकलीवर पाठ आणि बूड खूश आहेत, पण वीसेक किलोमीटरनंतर खांदे भरून येतात आणि करंगळ्यांना मुंग्या येतात. हातांवर अंगाचा भार नसताना मुंग्या कशाला? दोन आठवडे मी हँडलची उंचीच वर-खाली करत बसलो. वाया गेले.

माझी रिकंबंट, म्हणजे ही आडवी सायकल, आखूड व्हीलबेसची (दोन चाकांतलं अंतर कमी), हँडल सीटच्या वर. मूळचं स्टेम, म्हणजे हँडल धरणारा दांडा, मागे झुकलेलं, त्यामुळे मुठी थेट छातीशी. खारूताई शेंगदाणा धरून बसते ना, तसा मी नाशिकच्या गंगापूर रोडने जायचो. मनगटं त्या अवस्थेत बाहेर मुरडलेली राहतात, मुंग्या तिथून. शिवाय मुठी पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या फिरण्याच्या रेषेमागे जितक्या लांब, तितकं हँडल फिरवण्याऐवजी आडवं ढकलावं लागतं, होडीच्या सुकाणूसारखं. सिग्नल सुटल्यावर सायकल नागमोडी निघायची ती यामुळेच.

हे अंतर मोजायला ओळंबा चालत नाही, कारण फोर्क जिच्यात फिरतो ती नळी, हेडट्यूब, तिरकी. तिच्या रेषेत सुतळी वरपर्यंत ताणली, टोक लेकीकडे. "बाबा, हात गळाला माझा," असं ती चारदा म्हणाली तेव्हा आकडा आला: मुठीपासून सुतळीपर्यंत काटकोनात २७ सेंटीमीटर.

आधी सीटचा कल पक्का केला. तो बदलला की खांदे सरकतात आणि हँडलचं सगळं गणित बिघडतं. मग स्टेमचा सांधा पुढे झुकवला. लगेच पेडल मारताना गुडघे हँडलला लागायला लागले, म्हणून हात गुडघ्यांच्या बाहेरून जातील असं रुंद हँडल आणलं. त्याची नळी २५.४ मिमी, स्टेमची पकड ३१.८. मधली फट भरायला मी शहाणपणा करून कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा गुंडाळला. त्र्यंबक रोडला, अंजनेरीच्या अलीकडे, स्पीडब्रेकरवर दचकून हँडल ओढलं आणि ते गर्रकन फिरून मांडीवर आलं. आडव्या सायकलीत हँडल दाबलं जात नाही, ओढलं जातं. पत्र्याचा नाद सोडा.

सातपूरच्या एका लेथवाल्याने अल्युमिनियमची बुशी, म्हणजे हँडलच्या नळीवर चढणारं कडं, करून दिली, भिंत ३.२ मिमी, लांबीत एक चीर. "काका, ही सायकलची की आरामखुर्चीची?" त्याने विचारलं. दोन्हीची, म्हटलं. पुढच्या प्लेटचे चारही बोल्ट आलटून-पालटून, फटी सारख्या ठेवत आवळले. स्टेमवर ५ न्यूटन-मीटर कोरलंय, तेवढंच.

एक गोष्ट विसरलो होतो, केबल. हँडल पुढे गेल्यावर ती अपुरी पडली आणि उजवीकडे पूर्ण वळवलं की गिअर आपोआप बदलायचा. स्टँडवर दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा, रस्त्यावर नको. मी केबल आणि तिचं कव्हर दोन्ही नवीन, लांब टाकलं.

आता अंतर १६ सेंटीमीटर आहे. आणखी कमी करता आलं असतं, पण मग कोपरं ताठ होतात आणि प्रत्येक खड्डा खांद्यात जातो. रविवारी गंगापूर धरणापर्यंत जाऊन आलो. करंगळ्या शांत, डावा खांदा थोडा कुरकुरतोय. आरशात मात्र मागचा ट्रक दिसण्याऐवजी माझंच कोपर दिसतं, तेव्हा लेथवाल्याकडे पुन्हा चक्कर आहे.