साल वाचल्याशिवाय रुपया मोडू नका

जुना रुपया हातात आला की आधी साल वाचावं, मग भाव विचारावा. आमच्याकडे सोलापुरात बहुतेक घरांत उलटं होतं. पिशवी थेट काट्यावर जाते आणि सगळ्यात हलक्या प्रतीच्या नाण्याचा टंच, म्हणजे चांदीचं शेकडा प्रमाण, सगळ्यांना लागतो.

शेजारच्या मावशींना साखर पेठेतलं सासूबाईंचं घर आवरताना पत्र्याच्या डब्यात नाणी, जोडवी आणि इष्टलिंगाची चांदीची डबी सापडली. एका दुकानात सरसकट भाव सांगितला, तशा त्या उठून माझ्याकडे आल्या. "मॅडम, तुम्ही सायन्स शिकवलंय, बघा की जरा."

आधी चुंबक फिरवलं. १९४७ चा वाघाचा रुपया टपकन चिकटला, तो निकेलचा. बाकीची नाणी चिकटली नाहीत, पण तेवढ्यानं ती चांदीची ठरत नाहीत. तांबं, पितळही चिकटत नाही.

मग दोन रुपये शेजारी ठेवले. पाचव्या जॉर्जचा १९१७ चा आणि सहाव्याचा १९४४ चा. दोन्ही मूळचे ११.६६ ग्रॅमचे, म्हणजे एक तोळा. पहिल्यात चांदी ९१.७ टक्के, म्हणजे १०.६९ ग्रॅम. युद्धकाळात, १९४० पासून, सरकारनं ती ५० टक्क्यांवर आणली, म्हणून दुसऱ्यात जेमतेम ५.८३. साल झिजलं असेल तर नाणं उभं धरा: चाळीसनंतरच्या रुपयाच्या कडेवर दात्यांच्या मधोमध एक बारीक खाच फिरलेली दिसते. मावशींनी भिंग घेऊन एकेक कड पाहिली आणि दोन ढीग केले. सरसकट भावात खाच नसलेल्या ढिगाचं केवढं नुकसान होतं, ते त्यांना तिथंच कळलं.

दागिन्यांना साल नसतं. भरीव जोडवं आधी कोरडं तोलायचं. मग काट्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्य करायचा आणि जोडवं दोऱ्यानं, तळाला न टेकवता, पाण्यात बुडवायचं. कोरड्या वजनाला या नव्या आकड्यानं भागायचं. शुद्ध चांदीला १०.४९ येतं, जर्मन सिल्व्हरला ८.७ च्या आसपास, आणि त्यात नावालाही चांदी नसते. पोकळ गोठ-तोड्यांत लाख भरलेली असते, तिथं ही युक्ती चालत नाही. ते सराफाकडे मशीनवर टंच काढूनच द्यावेत.

किंमत काढणं सोपं आहे. वजन गुणिले टंच, गुणिले त्या दिवसाचा भाव, त्यातून वितळवताना होणारी घट वजा. पण एखादं साल दुर्मीळ असलं तर संग्राहक याहून बरंच जास्त देतो, म्हणून नाणी चिंचेनं घासू नका. माळेसाठी कडी डागलेला रुपया मात्र बहुधा चांदीच्या भावातच जातो. १९३९ चा रुपया कुणी दाखवला तर जास्तच जपून, त्याच्या नकला फार.

आणि हे सगळं घरातल्या डब्याचं. पाया खोदताना जमिनीत पुरलेलं सापडलं, तर १८७८ च्या गुप्तधन कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.