सर्व्हलेटचं (वेब विनंतीला उत्तर देणाऱ्या जावा कोडचं) आउटपुट टेस्टमध्ये पकडायचं कसं

आमच्या टिळकवाडीच्या ऑफिसात नवीन पोरगं विचारत होतं, "दादा, सर्व्हर चालू न करता सर्व्हलेट काय छापूलालंय ते बघायचं कसं?" सोपं हाय की, एक स्ट्रिंगरायटर (लिहिलेलं मेमरीत साठवणारा) घ्यायचा, त्याच्यावर प्रिंटरायटर चढवायचा आणि मॉकिटोला (टेस्टसाठी खोटे ऑब्जेक्ट, म्हणजे मॉक, बनवणाऱ्या जावा लायब्ररीला) सांगायचं की रिस्पॉन्सच्या मॉकवर गेटरायटर कॉल झाला की हाच दे, मग जे लिहिलं जाईल ते टूस्ट्रिंगने तपासायचं. हे सांगितलं नाही तर मॉक नल (म्हणजे काहीच नाही) देतो आणि नलपॉइंटरचा एरर ठरलेलाच.

पण इथं बेळगावात सर्व्हलेटनं छापायची पावती कन्नड-मराठी दोन्हीत लागते (त्यावरचं राजकारण राहू दे), आणि खरी गोची तिथंच. स्ट्रिंगरायटर अक्षरं साठवतो, बाइट नाही, म्हणजे कोडमध्ये यूटीएफ-8 (सगळ्या लिप्या चालणारं एन्कोडिंग) सेट केलंच नसलं तरी टेस्ट हिरवीगार, म्हणजे पास, आणि ब्राउझरमध्ये नुसती प्रश्नचिन्हं, कारण सर्व्हलेटचं डिफॉल्ट एन्कोडिंग आयएसओ-8859-1, त्यात कन्नड-मराठी अक्षरंच नाहीत. त्यापेक्षा स्प्रिंग या जावा फ्रेमवर्कचा तयार मॉकएचटीटीपीसर्व्हलेटरिस्पॉन्स बरा, तो खरंच बाइट साठवतो, त्यामुळं घोळ टेस्टमध्येच दिसतो. आणि हो, एन्कोडिंग गेटरायटरच्या आधी सेट करा, नंतर केलेलं सर्व्हलेट ऐकत नाही.