दिवे घालवा, पोलाद तापलंय

जपानच्या निगाता प्रांतात सांजो नावाचं गाव आहे. सुऱ्या, कोयते, कात्र्या घडवणाऱ्यांचं. तिथल्या धारदार हत्यारांना २००९ साली सरकारने पारंपरिक हस्तकलेचा दर्जा दिला. मी तिथे एका वृद्धाश्रमात कायगोचं, म्हणजे म्हाताऱ्या माणसांच्या सेवेचं काम करते.

हिवाळ्यात आमचं निम्मं काम ऊब देण्याचं. अंघोळीआधी कपडे बदलायची खोली तापवून घ्यायची, पाणी ४१ अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही, टबात १० मिनिटांपेक्षा जास्त बसू द्यायचं नाही. गारठ्यातून एकदम कढत पाण्यात गेलं की रक्तदाब वरखाली होतो आणि टबातच शुद्ध हरपते. खोली ऊबदार करणं, सूप गरम करणं, दोन्हीला 'आतातामेरु'च म्हणतात, फक्त लिहिताना चित्राक्षर बदलतं. असे शब्द मी परीक्षेसाठी घोकले होते. 'याकि ओ इरेरु' हा प्रयोग मात्र सगळ्यांना एकाच अर्थाने ठाऊक होता: चोपून सरळ करणं. गुंडाच्या तोंडची धमकी.

आमच्याकडचे एक आजोबा, नव्वदीकडे झुकलेले, विस्मरणाचा आजार असलेले, रोज संध्याकाळी हेच ओरडायचे. अंधारून आलं की दिवे बंद करत सुटायचे आणि कुणी लावले की "याकि ओ इरेरु!" नोंदवहीत 'धमक्या देतात' असं लिहिलेलं. औषध वाढवायचं बोलणं चाललं होतं.

त्या संध्याकाळी बाहेर बर्फ पडत होता. आजोबांनी बैठकीच्या खोलीतला दिवा घालवला. सहकारी बटणाकडे निघाली, तेवढ्यात माझी नजर त्यांच्या हातांवर गेली. डावी मूठ सांडशी धरावी तशी घट्ट, मनगट किंचित तिरपं, नजर मुठीच्या वीतभर पुढे खिळलेली. चेहऱ्यावर रागाचा मागमूस नव्हता.

ही नजर मी पाहिली होती. लहानपणी विळे घेऊन माझ्या आजोबांबरोबर लोहाराकडे जायचे तेव्हा. तो अंधाऱ्या कोपऱ्यात भाता चालवायचा, पातं लाल झालं की विळ्याला पाणी पाजायचा. तेच हे काम: 'याकि ओ इरेरु' म्हणजे मुळात पातं तापवून त्याला पाणी पाजणं. आपण त्याला पाण्याचं नाव दिलं, जपानी लोहाराने आगीचं. आणि 'पाणी पाजणं' म्हणजे एखाद्याची जिरवणं, हे आपल्याकडेही झालंच आहे.

पातं ८०० अंशांच्या आसपास तापलं की पाण्यात बुडवायचं. जुना लोहार ती घडी रंगावरून ओळखतो, आणि उजेडात रंग फसवतो, म्हणून अंधार हवा. कमी तापलं तर धार धरत नाही, जास्त तापलं तर पातं ठिसूळ होतं. नंतर १५० ते २०० अंशांवर पुन्हा तापवून त्याचा ताठा थोडा उतरवायचा, ते 'याकिमोदोशि'.

मी सहकारीला थांबवलं, व्हीलचेअरचे ब्रेक लावले आणि विचारलं, "रंग कसा आहे?"

"अजून नाही."

आम्ही थांबलो.

"आता!" मूठ सरळ खाली गेली. चर्र आवाजही त्यांनीच काढला. मग बोलायला लागले: पाणी बर्फासारखं गार नको, कोमट हवं, नाहीतर पातं तडकतं. एवढी सलग वाक्यं मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. मध्येच म्हणाले, "माझंच आता याकि गा मावात्ता." पातं प्रमाणाबाहेर तापलं की बोथट होतं, त्यावरून वय झालेल्या, धार गेलेल्या माणसाला असं म्हणतात.

"रंग तर बरोबर ओळखलात," मी म्हटलं.

आजोबा अंधारात पडतील अशी रात्रपाळीच्या नर्सबाईंना भीती होती, आणि ती रास्तच होती. पण मी हटले नाही. आजोबांना दाखल करून घेतानाच्या कागदावर 'पूर्वीचा व्यवसाय: धातुकाम' असं पहिल्या दिवसापासून लिहिलेलं होतं आणि आमच्यापैकी कुणी ते धमकीच्या नोंदीशेजारी ठेवून वाचलं नव्हतं, याचा मला आजही संताप येतो. औषध वाढवायचं डॉक्टरांनी थांबवलं. 'धमक्या देतात' ही ओळ खोडली गेली आणि खाली नवी सूचना आली: संध्याकाळी छताचे दिवे बंद, पायाशी छोटा दिवा चालू, ब्रेक तपासणे, एकाने जवळ बसून रंग विचारणे.