हसण्याची उचल

रविवारी दुपारची जेवणं आटोपली, की आई ताटलीत लसूण घेऊन टीव्हीसमोर बसते. कुठल्या ना कुठल्या मराठी वाहिनीवर 'बनवाबनवी' लागलेली असते. ती नसली तर 'झपाटलेला', तोही नसला तर 'थरथराट'. सिनेमा कुठवर आलाय, याची चौकशी कोणी करत नाही. पार्वती झालेल्या लक्ष्मीकांत बेर्डेच्या डोक्यावर पदर दिसला, की आपण घरमालकीण लीलाबाई काळभोरांच्या घरात आहोत एवढं कळतं आणि तेवढं पुरतं.

परवा असंच झालं. पडद्यावर लक्ष्मीकांत बेर्डे नुसता आत आला. बोलला नाही, धडपडला नाही. आई हसली.

"अगं, अजून काही केलं नाहीये त्यानं."

"करेल ना," आई म्हणाली आणि पुढची पाकळी सोलायला घेतली.

त्या 'करेल ना'शी मी आठवडाभर अडून बसले आहे. आमच्या नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात ऊसतोडीला जाणारी माणसं हंगामाच्या आधी मुकादमाकडून उचल घेतात आणि मग महिनोन्‌महिने कोयता चालवून ती फेडतात. लक्ष्याला, म्हणजे या लक्ष्मीकांतला, आपण हसण्याची अशीच उचल देऊन ठेवली होती. तो दिसायच्या आधीच हसून मोकळं व्हायचं, आणि मग त्यानं पळत, ओरडत, घाबरत ती फेडायची.

ही उचल सुरू झाली नाटकापासून. गिरगावातला हा मुलगा मुंबई मराठी साहित्य संघात नोकरी करत छोटी-मोठी कामं करायचा. 1983 साली पुरुषोत्तम बेर्डे यांचं 'टूर टूर' आलं आणि लोकांनी त्याचं नाव लक्षात ठेवलं. दोन वर्षांनी महेश कोठारे यांचा 'धूमधडाका' आला. 1988 मध्ये 'अशी ही बनवाबनवी', पुढच्याच वर्षी 'हमाल दे धमाल' आणि 'थरथराट', 1990 मध्ये 'धडाकेबाज'. एवढ्या चार-पाच वर्षांत लक्ष्मीकांत बेर्डे हे सहा अक्षरी नाव फक्त श्रेयनामावलीत उरलं. घराघरांत झाला तो लक्ष्या. त्यात कोठाऱ्यांच्या सिनेमांत पात्राचं नावही बहुधा लक्ष्याच. नट लक्ष्या, पात्र लक्ष्या, पोस्टरवरही लक्ष्या. मग एक कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो, हे प्रेक्षकानं कशाला शोधत बसावं? शेजारच्या घरातलं, जरा वाह्यात पण मनानं चांगलं पोरगं असावं, तसा तो होऊन गेला. मीसुद्धा इथे त्याला अरे-तुरेच करते आहे. अशोक सराफांच्या बाबतीत ते होत नाही, तिथे 'मामा' तरी म्हणावंच लागतं.

मला वाटतं, यात विनोदी सिनेमाच्या एका साध्या गुणाचा मोठा हात आहे. तो मधूनच पाहता येतो. लसूण सोलता सोलता, इस्त्री करता करता, पाहुण्यांना चहा देता देता. दहा मिनिटं बघून उठलं तरी काही बिघडत नाही. गंभीर सिनेमाला मात्र ठरवून बसावं लागतं, फोन बाजूला ठेवावा लागतो. म्हणून वाहिन्या विनोदी सिनेमे पुन्हा पुन्हा लावतात आणि तोच तो चेहरा वर्षानुवर्षं घरात येत राहतो. नटाची ओळख त्याच्या चांगल्या कामावर ठरते असं म्हणायची पद्धत आहे. आमच्या घरात तरी ती सगळ्यात जास्त वेळा लागलेल्या कामावर ठरली.

आणि गंमत म्हणजे त्या वारंवार लागणाऱ्या कामातही तो काय करत होता, हे मी फार उशिरा पाहिलं. 'झपाटलेला' घ्या. 1993 चा सिनेमा. रामदास पाध्यांनी घडवलेला तो तात्या विंचू नावाचा बाहुला, दिलीप प्रभावळकरांचा आवाज, हे सगळं जबरदस्तच. पण लहानपणी मला तात्या विंचूची भीती वाटायची ती लक्ष्याच्या डोळ्यांमुळे. बाहुला बोलतो, चालतो, जिवावर उठलाय, हे त्या लक्ष्या बोलकेला ठाऊक असतं आणि त्याच्यावर विश्वास ठेवायला कोणी तयार नसतं. या अवस्थेत विनोदी असं काय आहे? तो मनापासून घाबरलेला असतो, म्हणून सिनेमा उभा राहतो. त्यानं तिथे एकदा जरी प्रेक्षकाकडे बघून डोळा मारला असता, तर बाहुला नुसता बाहुला राहिला असता. आपण मात्र त्याची भीती बघून खिदळत होतो.

हिंदीत गेल्यावर आणखीच वेगळं घडलं. 'मैंने प्यार किया'मध्ये तो होता, 1994 च्या 'हम आपके हैं कौन'मध्येही होता. दोन्हीकडे घरातला विश्वासू, गमत्या गडी. आमची आत्या हे बघून चिडली होती. "आपल्याकडे हिरो आणि तिकडे चहाचा ट्रे?" तिचं म्हणणं मला तेव्हा पटलं होतं. आता वाटतं, तिकडच्या लोकांनीही त्याला फारसं वेगळं ओळखलं नव्हतं. फक्त आपण ज्याला घरचं पोर म्हणालो, त्याला त्यांनी घरचा नोकर केलं.

आता 'एक होता विदूषक'. 1992, दिग्दर्शक जब्बार पटेल, पटकथा-संवाद पु. ल. देशपांडे यांचे, गाणी ना. धों. महानोरांची, संगीत आनंद मोडकांचं. तमाशातल्या कलावतीचा मुलगा आबुराव सोंगाड्या होतो, पुढे सिनेमातला लाडका नट होतो आणि लोकांना हसवता हसवता स्वतःपासून सुटत जातो. ही भूमिका लक्ष्याला देणं हे जरा क्रूरच धाडस होतं. ज्या सापळ्यात माणूस अडकलाय, त्याच सापळ्याची गोष्ट त्याच्याच तोंडून सांगायची. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गल्ल्यावर मात्र सिनेमा चालला नाही. लक्ष्याचा सिनेमा म्हणून येणाऱ्याला तिथे लक्ष्या सापडत नव्हता, आणि गंभीर सिनेमावाल्यांना पोस्टरवर लक्ष्या दिसत होता. दोघांचाही हिरमोड!

अशोक सराफांना थोडी मोकळीक मिळाली. 'वजीर'मध्ये ते मुरलेले राजकारणी झाले आणि लोकांनी ते मान्य केलं. त्यांचा विनोद आधीपासूनच थंड डोक्याचा होता म्हणून असेल, किंवा त्यांना वयाची सवड मिळाली म्हणून. लक्ष्मीकांत 16 डिसेंबर 2004 ला गेला, तेव्हा पन्नाशीचाच होता. चेहऱ्यावर सुरकुत्या आल्या की विनोदी नटाला आपण थोडं वेगळं वागू देतो. त्याला तेवढं वय मिळालं नाही.

गेल्या रविवारी मी 'विदूषक' यूट्यूबवर शोधला आणि टीव्हीला जोडला. आईची ताटली तयारच होती. तमाशाचा फड दिसला, लक्ष्या आला, आई सवयीनं हसली. मग वाट बघत राहिली. अर्ध्या तासानं म्हणाली, "हे काय लावलंस? आपला लक्ष्या लाव." मी म्हटलं, हा लक्ष्याच आहे. ती गप्प झाली. लसूण संपला तरी उठली नाही, सालं हातात चुरत बसली. सिनेमा संपल्यावर त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. मीही विचारलं नाही.

या रविवारी पुन्हा 'बनवाबनवी'. कासोटा नसलेल्या साडीत, पोटाशी पदर आवळून पार्वती धावत होती. आई हसली, नेहमीसारखीच, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. मग चष्मा पुसता पुसता म्हणाली,

"किती पळवलंय गं त्याला."

आणि पुन्हा हसायला लागली.