गेम मास्टर वैरी झाला की

डन्जन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे डीएनडीसारख्या टेबलटॉप रोलप्लेइंग खेळांत प्रत्येक खेळाडू एका काल्पनिक पात्राची, म्हणजे कॅरेक्टरची, भूमिका करतो, आणि गेम मास्टर गोष्ट सांगतो, शत्रू चालवतो आणि निकाल देतो. हे खेळ खेळणाऱ्यांत निर्दय गेम मास्टरचे फार कौतुक असते. ‘आमच्या मास्टरकडे तिसऱ्या सेशनपर्यंत कोणी जगत नाही’, हे वाक्य अभिमानाने सांगितले जाते. मला हे कौतुक पटत नाही. कठोर खेळ मला स्वतःला आवडतो. कॅरेक्टर मरण्याची खरी भीती नसेल, तर फासा टाकण्यात जीव राहत नाही. परंतु कठोर असणे वेगळे आणि खेळाडूंशी वैर धरणे वेगळे, आणि आमच्या भागात मी पाहिलेल्या गटांत या दोहोंची सर्रास गल्लत होते.

या वैराची सोय खेळाच्या घडणीतच आहे. १८२४ साली प्रशियाच्या सैन्याने स्वीकारलेल्या युद्धखेळात दोन बाजू असत आणि मध्ये एक पंच असे. रणांगणावर ज्या सेनापतीला जेवढे कळले असते तेवढेच पंच त्याला सांगे, आणि त्याचे स्वतःचे सैन्य नसल्यामुळे कोणाला हरवण्यात त्याला रस नसे. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा डन्जन्स अँड ड्रॅगन्स युद्धखेळांच्या परंपरेतूनच आला, आणि त्याच्या पहिल्या पुस्तिकांत मास्टरला ‘रेफरी’ म्हटले आहे. मात्र इथे सगळे खेळाडू एका बाजूला आले आणि शत्रूची बाजू पंचाकडेच गेली. ज्याच्या हाती राक्षस, त्याच्याच हाती निकाल! अशा माणसाने जिंकायचेच ठरवले, तर त्याला अडवणारे कोणी नाही, आणि म्हणूनच त्याच्या जिंकण्याला काही किंमतही नाही.

पुढे ही चढाओढ छापील पुस्तकांतही शिरली. खेळाडू प्रत्येक बंद दाराला कान लावून पलीकडची चाहूल घेऊ लागले, तेव्हा डीएनडीच्या राक्षसांच्या पुस्तकात, १९७७ च्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये, लाकडात राहणारा आणि ऐकणाऱ्याच्या कानात शिरून जीव घेणारा किडा अवतरला. सावध खेळाडूला सावधपणाचीच शिक्षा देण्याचे याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

यावर कोणीतरी ‘टूम ऑफ हॉरर्स’ या डीएनडीच्या थडग्यातल्या साहसकथेचा दाखला देतोच. गायगॅक्सने १९७५ च्या ओरिजिन्स संमेलनातल्या स्पर्धेसाठी चालवलेले आणि १९७८ मध्ये छापले गेलेले हे थडगे जीवघेणे आहे, यात शंका नाही. त्यातल्या हिरव्या सैतानी चेहऱ्याच्या उघड्या तोंडात जो शिरतो तो कायमचा नाहीसा होतो, फासा टाकून वाचण्याची संधीही त्याला नाही. पण त्याच मार्गिकेच्या फरशीवर एक कोडे लिहिलेले आहे आणि हिरव्या रंगापासून शक्यतो दूर राहा, असे ते सांगते. म्हणजे या बदनाम थडग्यातही इशारा आधी दिलेला आहे. तो वाचण्याची आणि समजून घेण्याची जबाबदारी खेळाडूची. मी कठोरपणा म्हणतो तो हा. १९८४ च्या ‘पॅरानोइया’ या दुसऱ्या रोलप्लेइंग खेळात तर प्रत्येक खेळाडूला एकामागून एक मरण्यासाठी सहा क्लोन मिळतात, आणि तिथे कोणी तक्रार करत नाही, कारण हा खेळ असाच आहे हे बसण्यापूर्वीच सर्वांना ठाऊक असते.

आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या गावांत हा प्रश्न अधिक गंभीर होतो. इथे पुण्या-नागपूरला शिकणारी मुले दिवाळीच्या सुट्टीत घरी आली, की ओसरीवर सतरंजी पडते आणि खेळ सुरू होतो. पुस्तक आणि फासे ज्याचे, तो बहुधा वयानेही मोठा, गटाचा ‘दादा’. त्याच्या निकालावर शंका घेणे म्हणजे मोठ्यांना उलट बोलणे. शेजारच्या गावाहून सायकलने आलेल्या नववीतल्या एका मुलाचे कॅरेक्टर पहिल्या अर्ध्या तासात विषारी दाराने मेले. “पण दादा, मी हात नाही लावला न, काठीनं ढकललं,” असे तो म्हणाला. आणि ती दहा फुटी काठी, जी १९७४ च्या सामानाच्या यादीतही आहे, त्याच्या वहीत पेन्सिलने लिहिलेली होती. “आता झालं ते झालं,” एवढे उत्तर त्याला मिळाले. उरलेली रात्र तो कठड्याला टेकून इतरांचा खेळ पाहत बसला. शहरात असा मुलगा दुसरा गट शोधतो. इथे दुसरा गट नाही. त्याच्यापुरता हा खेळच संपतो.

काही निर्दयपणा हेतू नसतानाही घडतो, आणि तो हिशेबात दिसतो. गाविलगडासारख्या किल्ल्याचा तट चढायचा आहे आणि वीस बाजूंच्या फाशावर पाच किंवा अधिक हवेत, असे मास्टर सांगतो. ही शक्यता ८० टक्के, म्हणजे सोपे काम वाटते. परंतु तो दर टप्प्याला एकदा असे एकूण पाच वेळा फासे टाकायला लावतो आणि एकदा चुकले तरी खाली पाडतो, तेव्हा वर पोहोचण्याची शक्यता सुमारे ३३ टक्के उरते. एकदाच फासा टाकून निकाल मान्य करणे, हाच इथला न्याय.

जानेवारी २०२३ मध्ये डीएनडीच्या पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले झाले, त्यामुळे ते आता प्रत्येकाच्या मोबाइलवर असू शकतात. दादांनी याला अपमान समजू नये. नियम सर्वांनी वाचलेले असावेत, प्राणघातक फासा सर्वांसमोर पडावा आणि ज्याचे कॅरेक्टर मेले त्याला त्याच रात्री पुन्हा खेळात घ्यावे. पुढच्या खोलीत एक बांधलेला कैदी सापडला, असे म्हणायला मास्टरला एक मिनिटही लागत नाही, आणि तो कैदी त्या मुलाने खेळावा.