टोमॅटोचं पूर्वपुण्य

इथे अमेरिकेत लेकीच्या शाळेतल्या जेवणाचा महिन्याचा तक्ता आमच्या फ्रिजच्या दारावर लटकलेला असतो. ती घरी आली की माझा प्रश्न ठरलेला, "भाजी खाल्लीस का?" परवा म्हणाली, "हो. पिझ्झा होता."

मी रागावणारच होतो. पण रात्री शाळेच्या जेवणाचे सरकारी नियम काढून वाचले आणि मुकाट्याने झोपलो.

पिझ्झावरची टोमॅटोची पेस्ट भाजीत धरतात, हे एक वेळ समजू शकतं. गंमत मापात आहे. दोन मोठे चमचे पेस्ट म्हणजे कपाचा जेमतेम आठवा हिस्सा. कागदावर ती होते अर्धा कप भाजी! का, तर आटवण्यापूर्वी ती बरीच जास्त होती. थोडक्यात, पूर्वजन्मीचं पुण्य तिच्या खात्यावर जमा. 2011 साली कृषी खातं म्हणालं, पेस्ट जेवढी दिसते तेवढीच मोजू. गोठवलेला पिझ्झा बनवणाऱ्या कंपन्या खवळल्या आणि नोव्हेंबरात काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, खर्चाच्या विधेयकातच पाचर मारून ठेवली. पुण्य शाबूत राहिलं.

आता बिचाऱ्या पालकाचं नशीब बघा. कच्चा पालक एक कप वाढला, तर हिशेबात अर्धाच कप धरतात. चिरलेली पानं फुगून बसतात, हे मलाही कळतं. तरी पेस्टला चौपट आणि पालकाला निम्मं, हे वाचून पालकाची (आणि पालकांचीही) कीव आली.

आपल्याकडे ताटाची डावी बाजू चटणी-लोणच्याची, उजवी भाजीची. 1981 मध्ये रेगन सरकारने डावीकडचं उजवीकडे वाढायचा घाट घातला होता. शाळांच्या जेवणाच्या पैशाला कात्री लागली होती, तेव्हा सप्टेंबरात कृषी खात्याने मसुदा काढला: काकडीच्या लोणच्याची रेलिश वगैरे तोंडीलावणी भाजी म्हणून मोजायला हरकत नाही. केचपचं नाव त्यात नव्हतंसुद्धा! पण "केचप म्हणजे भाजी" हे असं काही गाजलं की सरकारला तोंड लपवायला जागा उरली नाही. सिनेटर जॉन हाइन्झ रेगन यांच्याच पक्षाचे, शिवाय केचपवाल्या घराण्यातले. तेही म्हणाले, केचप हे तोंडीलावणंच. घरचाच आहेर! महिना संपायच्या आत मसुदा मागे घेतला गेला.

टोमॅटोला मात्र कोर्टकचेऱ्यांची जुनी सवय. एकोणिसाव्या शतकात इथे आयात भाज्यांवर 10 टक्के जकात होती, ताजी फळं माफ. एका व्यापाऱ्याने टोमॅटो हे फळ आहे म्हणून न्यूयॉर्कच्या जकात अधिकाऱ्यावर दावा लावला. 1893 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: वनस्पतिशास्त्रात असेल फळ, पण लोक तो जेवणात खातात, जेवणानंतरचं गोड म्हणून नाही, सबब भाजी. या न्यायाधीशांबद्दल मला आदर वाटतो. त्यांनी निदान ताटात डोकावून पाहिलं.

हे सगळं मी जेवताना बायकोला रंगवून सांगत होतो. लेकीने तिच्या ताटातला निम्मा पालक हळूच कडेला सारला.

"अगं, तो कुणी खायचा?"

"बाबा, तो धरतच नाहीत ना!"