स्विफ्ट खाली बसली!

आज नागपुरात मानेवाड्याला घरच्या पोर्चमध्येच भावासोबत गाडीची उंची कमी करायला स्विफ्टच्या मागच्या स्प्रिंगा बदलल्या. मागची स्प्रिंग शॉकअपपासून (उसळी आवरणाऱ्या नळकांड्यापासून) वेगळी असते, म्हणून जमतं. बॉडी स्टँडवर, जॅक ॲक्सलखाली (मागची चाकं जोडणाऱ्या आडव्या दांड्याखाली), शॉकअपचा खालचा बोल्ट काढायचा, जॅक हळूहळू उतरवायचा. स्प्रिंग मोकळी होते. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली मात्र जाऊ नका, राजेहो! जुनी स्प्रिंग ग्राइंडरनं कापणं मला अजिबात पटत नाही. चाक लटकलं की कापलेली स्प्रिंग जागेवरून सरकू शकते. आम्ही तयार आखूड स्प्रिंगा घेतल्या. बोल्ट शेवटचा कसला तो गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच, नाहीतर बोल्टभोवतीच्या बुशचं रबर पिळलेलं राहतं.

संध्याकाळी रिंग रोडवर फेरी मारली. वळणावर काय धरते गाडी! मागं बसलेले बाबा म्हणाले, "कडक झाली रे थोडी." खरंय, गाडी खाली बसवायच्या अशा स्प्रिंगा सहसा कडकच असतात.